अकरा एकर माळ, पंधरा मेंढ्या आणि फिरती चराई

बाजारातून मेंढ्या आणायच्या आधी एक अख्खा पावसाळा माळ मोकळा सोडा. जनावर नको, नांगर नको, काडी लावणं तर अजिबात नको. हे ऐकून लोक हिरमुसतात, कारण डोक्यात मेंढ्या असतात आणि हातात योजनेचा फॉर्म असतो. पण ज्या माळावर वर्षानुवर्षं वाटेल त्याची गुरं वाटेल तेव्हा चरलीत, तिथं कुठलं गवत अजून जीव धरून आहे हे एक पावसाळा बघितल्याशिवाय कळत नाही.

आमचा माळ माण तालुक्यात. साताऱ्याचा हा पूर्वेकडचा कोपरा पर्जन्यछायेत येतो. पाऊस चांगल्या वर्षी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा परतीचा. घरचं रान १६ एकर : ५ एकर वावर, ११ एकर मुरमाड माळ. आम्ही धनगर. सासऱ्यांच्या काळी दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर आणि मेंढरं घाटाखाली. पोरांच्या शाळेपायी आम्ही गावात थांबलो, मग तीच मेंढरं घरच्या माळावर कशी जगवायची ते शिकावं लागलं. ज्यांच्याकडं असाच पडीक माळ आहे आणि त्यावर गवतावरचं मटण तयार करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमची पद्धत फिरत्या चराईची : माळाचे तुकडे पाडायचे, कळप एकेका तुकड्यात चारायचा आणि बाकीच्या तुकड्यांना विश्रांती द्यायची. बाहेरच्या देशांत हीच पद्धत मोठ्या कुरणांवर, बीफसाठी वापरतात. रिजनरेटिव्ह, म्हणजे जमीन पुन्हा जिवंत करणारी, म्हणून तिचा बराच गाजावाजा आहे. आपल्या राज्यात १९७६च्या कायद्यानं गाईच्या आणि २०१५च्या दुरुस्तीनं बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळं मांसासाठी माळ राखायचा तर आपल्यापुढं मेंढी आणि शेळी उरते. म्हैस माणच्या माळावर टिकत नाही, तिचं नाव काढू नका. गवताचे नियम मात्र जनावर कुठलंही असलं तरी तेच.

माळावर काय उगवतंय

गणपतीच्या सुमाराला माळावर फिरा. विळा, पिशवी आणि जुनं एखादं माणूस बरोबर घ्या. आमच्या सासूबाई गवत हातात न घेता नुसत्या चालीवर सांगतात की इथं मारवेल आहे, इथं पवन्या आहे. मारवेल बांधाच्या कडेला, थोडी माती असेल तिथं मिळेल; मेंढरं पहिल्यांदा त्याच्यावरच तुटून पडतात. पवन्या मुरमात. पांढरट लव असलेल्या तुऱ्याचं अंजन गवत कमी पाण्यावर तग धरतं. आणि सगळीकडं, वैताग येईल इतकी, कुसळी.

कुसळीला लोक शिव्या देतात, पण ऑगस्टमध्ये ती कोवळी असताना मेंढ्या आवडीनं खातात. घोटाळा ऑक्टोबरात. दाण्याला लांब काळं कुसळ येतं, बुडाशी सुईसारखं टोक. एक वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर थेंबभर पाणी टाका : ते जागच्या जागी पिळा सोडत गोल फिरायला लागतं. याच फिरण्यानं बी जमिनीत शिरतं, आणि याच फिरण्यानं ते मेंढीच्या लोकरीतून कातडीत, ओठांत, कधी डोळ्यात शिरतं. म्हणून ज्या तुकड्यात कुसळी जास्त तो तुकडा पोळ्याच्या आतच चारून घ्यायचा आणि पुन्हा फाल्गुनापर्यंत तिकडं फिरकायचं नाही. तोवर कुसळं गळून गेलेली असतात.

तुकड्यांना नावं द्या. आमच्याकडं बोरीचा, खडीचा, वढ्याकडचा, म्हसोबाचा, टॉवरखालचा असे तुकडे आहेत. एक शंभर पानी वही करा आणि प्रत्येक तुकड्याला एक पान. तारीख, किती मेंढ्या, किती दिवस, गवत किती राहिलं, एवढंच लिहायचं. वही मुलाकडं दिली तर तो मोबाईलमध्ये करतो आणि मोबाईल बदलला की सगळं जातं. कागदच बरा.

गाजर गवत आणि घाणेरी फुलायच्या आधी उपटून टाका. घाणेरी भुकेल्या जनावरानं खाल्ली तर कावीळ होते आणि उन्हानं कातडी सोलते. गाजर गवत मेंढ्या खात नाहीत, तेच त्याचं दुखणं : बाकीचं सगळं खाल्लं जातं आणि हेच उरतं.

मेंढ्या किती, हे गवत सांगेल

इथं बहुतेक लोक उलटं जातात. आधी पन्नास मेंढ्यांची युनिट मंजूर होते, मग गवत शोधायला निघतात. हिशेब सोपा आहे, घरी करता येतो.

बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. सप्टेंबरअखेर माळावर आठ-दहा ठिकाणी, चांगल्या आणि वाईट दोन्ही जागी, ती टाका. आतलं गवत जमिनीलगत कापा, पोत्यात भरून कडक वाळवा आणि किराणाच्या काट्यावर तोला. आमच्याकडं सरासरी २०० ग्रॅम पडते. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला २० किलो वाळलेलं गवत. त्यातलं निम्मं मेंढीचं, निम्मं माळाचं. माळाच्या निम्म्याला हात लावायचा नाही. त्याचीच पुढं सावली होते, खत होतं, त्याच्याच जोरावर मुळं जगतात.

राहिले गुंठ्याला १० किलो. २८-३० किलो वजनाची दख्खनी मेंढी दिवसाला किलोभर सुका चारा खाते. म्हणजे एका गुंठ्यावर दहा मेंढ्यांचा एक दिवस निघतो. ११ एकरांचे ४४० गुंठे, ४४०० किलो. पंधरा मेंढ्या सात महिने सांभाळल्या तर ३१५० किलो जातात, आणि त्यांच्या कोकरांना नऊशे-हजार किलो. झाला माळ. उरलेल्या पाच महिन्यांतला दीडेक महिना काढणी झालेल्या वावरावर निघतो, बाकीचे साडेतीन महिने कडबा, बाजरीचं सरमाड, तुरीचं भुसकट आणि बाभळीच्या शेंगा यांवर काढायचे. म्हणून पंधरा. दुष्काळ पडला तर दहा. वीस ठेवाव्यात असा मोह ज्या वर्षी पाऊस बरा होतो त्या वर्षी होतो, आणि त्या वर्षी ठेवलेल्या वीस पुढच्या वर्षी माळ खरवडून काढतात.

हिवरे बाजारनं गावपातळीवर हेच केलं. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं मोकळी चराई बंद केली, डोंगरावरचं गवत कापूनच आणायचं ठरवलं, आणि गवत वाढलं तशी दुभती जनावरं वाढली. तिथं कापून नेतात, आम्ही चारतो. चराईत मेंढीच्या खुरांनी वाळकं गवत जमिनीवर लोळतं आणि लेंड्या जागेवरच पडतात, एवढा फायदा. पण शिस्त नसेल तर कापून आणणंच चांगलं. तेही जमत नसेल तर माळ भाड्यानं द्या.

वाघर, तार आणि पाणी

धनगराकडं वाघर असते : सुताची किंवा नायलॉनची जाळी, लाकडी मेखांवर उभी करायची. रात्री मेंढरं तिच्यात. दिवसा तुकडे पाडायलाही तीच वापरता येते, पण चार-सहा गुंठ्यांना वेढा घालायचा तर दोन-तीन वाघरा जोडाव्या लागतात आणि त्या उचलायला दोन माणसं लागतात. आम्ही रात्री वाघर आणि दिवसा झटका मशीनची, म्हणजे विजेचा हलका झटका देणारी, तार असं करतो.

सौर झटका मशीन घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेंढीच्या अंगावर लोकर असते, तिला तारेचा झटका लागत नाही. लागतो तो नाकाला आणि कानाला. म्हणून एक तार उपयोगाची नाही. तीन तारा, जमिनीपासून साधारण वीतभर, दीड फूट आणि दोन फुटांवर. पहिले चार-पाच दिवस घराजवळच्या छोट्या जागेत त्यांना तार ओळखू द्या. नाकानं हुंगतात, झटका बसतो, मग कायमचं लक्षात राहतं. शेळ्या असतील तर चौथी तार वर टाका आणि तरीही एखादी बाहेर दिसेलच. जमिनीत रोवायच्या अर्थिंगच्या सळईभोवती उन्हाळ्यात पाणी ओतत राहा, मुरमात कोरडं पडलं की झटका मरतो. आणि घरची लाइट थेट कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे. त्यात माणसं मेलीत.

पाणी मेंढीकडं न्यायचं, मेंढी पाण्याकडं नाही. रोज एकाच ओढ्यावर नेली तर ओढ्याकडची वाट धूळ होते आणि निम्म्या लेंड्या वाटेतच पडतात. आम्ही २०० लिटरचा ड्रम उभा कापून दोन डोणी केल्यात. पाइप ओढून जिथं मेंढरं तिथं डोण. थंडीत मेंढीला दोन-तीन लिटर पुरतं, उन्हाळ्यात पाच लागतं.

क्षाराची चाटण वीट डोणीजवळ टांगा. मात्र दुकानदार गाई-म्हशीची वीट हातात देतो, ती घेऊ नका. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला जास्तीचं तांबं विषासारखं बाधतं. यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक जनावर लाल लघवी करून पडतं. पाकिटावर मेंढीसाठी असं लिहिलेलंच घ्या, नसेल तर साधं खडेमीठ ठेवा. पावसाळ्यात खुरं सडली की मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवतात; मोरचूद म्हणजेही तांबंच, तेव्हा ते पाणी कुणी पिणार नाही याकडं लक्ष हवं.

कोल्हा-कुत्र्यांसाठी, आणि माणच्या माळावर लांडग्यासाठीही, कळपात राहणारा एक कुत्रा पाहिजे. लांडग्यानं मारलं तर मेलेलं जनावर न हलवता वनविभागाला लगेच कळवा, पंचनामा झाला तर भरपाई मिळते. खरं सांगायचं तर गावातली मोकाट कुत्री लांडग्यापेक्षा जास्त मेंढ्या मारतात आणि त्याची भरपाई कुणी देत नाही.

हलवायचं कधी

सगळ्या पद्धतीचा जीव इथं आहे. मेंढीनं गवताचा शेंडा खाल्ला की तीन-चार दिवसांत बुडातून नवा कोंब येतो. तो कोंब मुळातल्या साठ्यावर वाढत असतो. मेंढी अजून तिथंच असेल तर ती जुनं राठ गवत सोडून तोच कोवळा कोंब पुन्हा खाणार. असं दोन-तीनदा झालं की ते ठोंब मरतं, आणि मरतं ते नेमकं मारवेलचं, कारण तेच गोड. उरते कुसळी. गावचं गायरान कुसळीनं भरलेलं का असतं, त्याचं कारण हे.

म्हणून पावसाळ्यात एका तुकड्यात दोन दिवस, फार तर तीन. आणि मग तिथं परत यायचं ते किमान ४० दिवसांनी. गवतानं पुन्हा पोटरी धरली, खालची पानं पिवळसर दिसायला लागली की तुकडा तयार. तारखेपेक्षा गवताकडं बघा. मध्ये पावसानं ओढ दिली तर ४० चे ६० दिवस होतील.

ऑगस्टमध्ये आमच्याकडं मीटरला १०० ग्रॅमच गवत उभं असतं, म्हणजे गुंठ्यामागं मेंढीच्या वाट्याला ५ किलो. पंधरा मेंढ्यांना रोज तीन गुंठे, दोन दिवसांचा तुकडा सहा गुंठ्यांचा. असे वीस तुकडे झाले की १२० गुंठे, बरोबर तीन एकर. पावसाळाभर कळप एवढ्यातच फिरतो. बाकीच्या आठ एकरांवर एकही खूर पडू द्यायचा नाही. तो माळ हिवाळ्यासाठी राखलेला. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तिथं उभं वाळलेलं गवत दोन-दोन गुंठ्यांनी रोज उघडायचं. पुढच्या वर्षी पावसाळ्याचे तीन एकर बदलायचे, म्हणजे प्रत्येक तुकड्याला तीन-चार वर्षांत एकदाच हिरवेपणी दात लागतो आणि बाकीच्या वर्षी त्याचं बी पडतं.

शेजारी हसतात. हिरवागार माळ समोर आणि यांची मेंढरं सहा गुंठ्यांत कोंडलेली! हसू द्या. माघात त्यांची जनावरं रस्त्याच्या कडेला असतात.

मेंढरं हलवायची वेळ दुपारी चारच्या पुढं. सकाळी दव असतं, ओल्या गवतावर पोट बिघडतं आणि जंतही दवाबरोबर पात्यावर चढलेले असतात. हिरव्या तुकड्यात सोडायच्या आधी मूठभर कडबा पोटात जाऊ द्या. उपाशी मेंढी कोवळ्या गवतावर सोडली की आंत्रविषार ठरलेला. संध्याकाळी धडधाकट, सकाळी मान वाकडी करून मेलेली, आणि मरतात त्या कळपातल्या सगळ्यात गुबगुबीत. याची लस मे महिन्यात, पावसाच्या आधी घ्यायची. पहिल्यांदाच देत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरा डोस. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस वेगळी, ती पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते.

वावरात मेंढ्या घालताना ज्वारीकडं नीट बघा. कापलेल्या ताटांना पावसाच्या सरीनं फुटवे येतात, दिसायला झकास, पण पाण्याचा ताण बसलेला तो कोवळा फुटवा म्हणजे किराळ, निव्वळ विष. अर्ध्या तासात जनावर फुगून तडफडतं. गुडघ्याच्या वर जाऊन फुलोऱ्यात आल्याशिवाय नको.

रात्रीचा तळही हलता ठेवा. पूर्वी शेतकरी मेंढरं वावरात बसवायला धान्य द्यायचे, आता पैसे देतात, कारण एका रात्रीचं लेंडीखत आणि मूत पिकाला दिसतं. पण रोज माळावर चारून रात्री वावरात बसवली तर माळाचं खत वावरात जात राहतं आणि माळ आणखी दरिद्री होतो. आम्ही पावसाळ्यात वाघर माळावरच लावतो, रोज एक वाघरभर पुढं. वावराला फक्त काढणीनंतरचे दोन-अडीच महिने.

पापणी उलटून बघा

पावसाळ्यात मेंढी मरते ती बहुतेक वेळा पोटातल्या रक्त पिणाऱ्या जंतामुळं. लेंडीतून अंडी पडतात, उबदार ओलीत पाच-सात दिवसांत अळी पात्यावर चढायला तयार होते. दोन-तीन दिवसांत तुकडा सोडला की ती अळी उपाशीच राहते. ४०-६० दिवसांत ऊन-वाऱ्यानं बरीचशी मरते. फिरती चराई हेच निम्मं जंताचं औषध.

उरलेल्या निम्म्यासाठी दर पंधरवड्याला मेंढी धरा. डोकं मांडीत, अंगठ्यानं वरच्या पापणीवरून बुबुळ हलकेच आत दाबा आणि दुसऱ्या हातानं खालची पापणी ओढा. आतलं अस्तर तुमच्याकडं उलटं होऊन येईल. लालबुंद असेल तर सोडून द्या. गुलाबी असेल तर वहीत लिहा. फिकट, पांढरट असेल, किंवा जबड्याखाली मऊ पाणथळ सूज असेल, तर त्याच दिवशी जंताचं औषध, वजन करून, डॉक्टरांना विचारून. छायेत बघू नका, उन्हात बघा.

सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजायची गावोगाव पद्धत आहे. ती सोडा. औषधाला न मरणारे जंतच तेवढे मागं राहतात आणि चार वर्षांत ते औषध पाण्यासारखं होतं. फिकट पापणीवाल्यांनाच द्या. जी मेंढी प्रत्येक पावसाळ्यात फिकट निघते ती विकून टाका, तिची पाट, म्हणजे मादी कोकरू, तर अजिबात ठेवू नका.

बी टाकायचं झालं तर

दोन वर्षं नुसती विश्रांती दिली तरी माळ बदलतो. तिसऱ्या वर्षी उघडे पडलेले टप्पे बघून तिथं हात घाला. मारवेलचे मुळ्यांसकट ठोंब पहिल्या दमदार पावसात दीड-दोन फुटांवर लावायचे. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले मारवेलचे वाण काढलेत, पण तुमच्याच बांधावरचा मारवेल तुमच्या मुरमाला सरावलेला आहे, तो आधी वापरा. स्टायलोचं बी एकरी दोन-तीन किलो, कडक पाण्यात काही मिनिटं बुडवून, वाळूत मिसळून फेकायचं. मातीत गाडायचं नाही. स्टायलो शेंगवर्गीय, त्यामुळं वाळक्या गवतात जी प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात ती कसर तो थोडी भरून काढतो. उताराला आडवे सलग समतल चर असतील तर चराच्या मातीवर हेच टाका. बांधाला शेवरी, सुबाभूळ. सुबाभळीचा पाला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका, लोकर झडते.

माळाभोवती दिवाळीनंतर दोन मीटरची पट्टी खरवडून जाळरेषा काढा. राखलेला वाळका माळ म्हणजे एका बिडीचं काम.

कोकरं कधी, विक्री कधी

नर वर्षभर कळपात मोकळा ठेवला तर कोकरं वर्षभर पडत राहतात आणि मग भर मे महिन्यात दूध नसलेली आई आणि मरगळलेलं कोकरू बघत बसावं लागतं. नर वेगळा बांधा. मार्चच्या मध्याला, बाभळीच्या शेंगा पडायला लागल्या की मेंढ्यांना पंधरा दिवस त्या रोज पसापसा द्या. अंग भरतं, गाभ पटकन राहतो. मग नर सोडा, एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत. पाच महिन्यांनी, ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोकरं. तेव्हा माळ फुलोऱ्यात, आईला दूध, आणि मृगाची झोडपणारी सर नसते.

मेंढी दख्खनी ठेवा, नर माडग्याळ वापरा, हे माझं मत. जत तालुक्यातली माडग्याळ उंच, पांढऱ्यावर तांबूस ठिपके, नाकाला बाक. कोकरू झपाट्यानं वाढतं. पण निव्वळ माडग्याळ खातेही तशीच. फलटणच्या निंबकर संस्थेनं जुळी देणारी सुवर्णा तयार केली, बागायती असेल तर तिचा जरूर विचार करा. आमच्या माळावर एका आईच्या दुधावर दोन कोकरं वाढवायची म्हणजे दोन्ही किरकोळ राहतात. दहिवडीला मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, नर बघायला तिथं एक चक्कर मारा.

सात-आठ महिन्यांत नर कोकरं अठरा ते बावीस किलोला येतात, आणि तेव्हा चैत्र लागलेला असतो. गावोगाव यात्रा, मटणाला मागणी, आणि माळावरचं गवत संपत आलेलं. तेव्हाच विका. आषाढात आखाडाच्या जेवणावळींना भाव आणखी चढतो हे खरं, पण तोवर तीन महिने त्यांना विकतचा चारा घालावा लागतो. जमाखर्च मांडला तर हाती काही राहत नाही. श्रावणात भाव पडतोच. बकरी ईदचं गणित वेगळं. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २०२५ ला ७ जूनला होती. तिथं घेणारा दात बघतो, शिंग बघतो, कान बघतो. दोनदाती, खच्ची न केलेला, अंगावर खोड नसलेला मेंढा पाहिजे. त्यासाठी दोन-तीन देखणे नर मागच्या वर्षीचे राखून ठेवायचे, जास्त नाही.

म्हसवड, आटपाडी, लोणंद, कुठल्याही बाजारात जा, दलाल पाठीवरून हात फिरवून नजरेनं वजन सांगतो आणि त्याची नजर नेहमी दोन किलो कमीच बघते. घरून ताणकाट्यावर वजन करून, आकडा पाठीवर रंगानं लिहूनच न्या. भांडण तिथंच निम्मं होतं.

थेट गिऱ्हाईक करायचं असेल तर पुण्या-साताऱ्याची दहा-वीस घरं पुरतात. बावीस किलोच्या कोकरापासून दहा किलोच्या आसपास मटण पडतं, ते आधीच बोलून वाटून टाका. दिवसाला दहापर्यंत लहान जनावरं कापणाऱ्याला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी चालते, पण कापायची जागा स्थानिक संस्थेला मान्य असलेलीच हवी. आम्ही ओळखीच्या परवानाधारक खाटकाकडं देतो आणि मटण आमच्या नावानं जातं. आदल्या दिवशी जनावराला पळवू नका, टेम्पोत रात्रभर उभं ठेवू नका. दमलेल्या, घाबरलेल्या जनावराचं मटण काळपट आणि कोरडं होतं. गवतावरचं मटण चरबीला कमी, शिजायला थोडं जास्त. गिऱ्हाईक विचारतं, गवतावरची आहे तर चरबी पिवळी का नाही? गाईची होते. मेंढीची पांढरीच राहते, कारण गवतातला पिवळा रंग ती चरबीत साठवत नाही.

माळ सुधारला की मातीत कार्बन किती साठला हेही विचारणारे आता येतात. आमच्या मुरमावर माती बोटभर आहे. मी त्यांना वही दाखवते आणि चराखाली टिकलेली ओल दाखवते, त्यापुढचं काही बोलत नाही.

चैत्र ते आषाढ

विक्री झाली की मेंढ्या माळावरून पूर्ण काढा. घरामागं एक सावलीचा तुकडा कायमचा बळी द्या, पाच-सहा गुंठे, तिथं वाघर आणि गव्हाण. तो उघडाबोडका होईल, होऊ दे. त्याच्या मोबदल्यात अकरा एकर वाचतात.

पंधरा मेंढ्या आणि नर, रोज सोळा किलो. एप्रिल, मे, जून आणि अर्धा जुलै म्हणजे १०५ दिवस, १७०० किलो. यातला निम्मा कडबा, बाकी सरमाड, भुसकट आणि शेंगा. कडबा कुट्टी करूनच घाला, पेंढी टाकली तर तिसरा हिस्सा पायाखाली जातो. बाभळीच्या शेंगा मार्च-एप्रिलमध्ये गोळा करून पत्र्याच्या पिंपात भरा. गाभण मेंढीला जूनपासून मूठभर पेंड वाढवा.

पहिला पाऊस पडला की चार दिवसांत माळावर हिरवी झाक येते आणि मेंढरं कुंपणाशी उभी राहून ओरडतात. सोडू नका. त्या हिरव्यात खायला काही नसतं, चालून चालून मेंढीच्या अंगचं जातं आणि गवताचा पहिला कोंब खुडला जातो. गवत घोट्याच्या वर वीतभर व्हायला वीस-पंचवीस दिवस लागतात. म्हणून कडब्याचा हिशेब करताना अर्धा जुलै धरलाय. पाऊस लांबला तर आणखी पंधरा दिवसांचा, अडीचशे किलोचा चारा वेगळा रचून ठेवा, आणि तो मार्चमध्येच घ्या. जूनमध्ये पेंढीचा भाव विचारायची सोय नसते.